पाठवलेल्या कथेचं पुढं काय होतं

नवी मुंबईतल्या रोडपालीच्या गावठाणात आगरी बोली अजून नांदते आहे. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको आली, भातशेती आणि खाडीकाठच्या जमिनी गेल्या, कळंबोलीचे सेक्टर उभे राहिले. तरी जुन्या माणसांच्या तोंडातली भाषा टिकली. माझ्या एका कथेचा सगळा जीव त्या बोलीतच होता. एका दिवाळी अंकानं ती फोनवरून स्वीकारली. अंक हाती आला आणि पाहतो तर कथेतल्या आजीचे सारे संवाद पुस्तकी मराठीत. जमीन गमावलेली म्हातारी सरकारी पत्रासारखी बोलत होती! मला कुणी विचारलं नव्हतं, मुद्रितं दाखवली नव्हती, मानधनाचं तर नावच नाही. पुढं एका प्रकाशकानं हीच कथा संग्रहासाठी मागितली, तेव्हा त्या अंकाचे संपादक म्हणाले, "ती आता आमची आहे."

ती त्यांची नव्हती. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि त्याचं कलम १९ प्रत्येक लिहिणाऱ्यानं एकदा वाचावंच. लेखकाच्या सहीचा लेखी कागद असल्याशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाहीत. कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता. हक्क दिल्यानंतरही लेखनाची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाध येत असेल, तर कलम ५७ खाली हरकत घेता येते. मी कशावरच सही केली नव्हती आणि मूळ कथा ईमेलमध्ये तारखेसह होती. संग्रहात ती आजीच्या बोलीतच छापली गेली.

आता प्रत्येक कथेसोबत माझं छोटं पत्र जातं. कथा फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, बाकी हक्क माझ्याकडे राहतील, बोलीतले संवाद न विचारता बदलू नयेत, छापण्याआधी मुद्रितं पाठवावीत. या मजकुरावर नाराज झालेले संपादक मला फार थोडे भेटले. पोच मात्र लेखीच घ्यावी, फोनवरच्या होकारावर राहू नये. मुद्रितांचा आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. आपण युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर अंकाची जुळणी करताना दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला, की रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात.

हे वाचून संपादकाच्या लेखणीला कुणी घाबरू नये. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांचं 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद झालं, तरी त्यांची लेखकांना जाणारी पत्रं आजही आठवली जातात. कथेत काय खटकतं ते तिथं आधी लेखकाला कळवलं जाई आणि दुरुस्तीही त्याच्याकडूनच करून घेतली जाई. अशा संपादनानं कथा वाढते. माझ्या कथेच्या बाबतीत घडलं त्याला मी संपादन म्हणणार नाही.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, पण आपली कथा ऑक्टोबरात सुचून चालत नाही. साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं. म्हणून रोजचं लिहिणं हवं. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे ट्रकांची रीघ लागण्याआधी मी वहीत लिहितो. कधी एखादा परिच्छेद होतो, कधी गावठाणात ऐकलेलं एखादंच वाक्य. कथा पुरी झाली की मोठ्यानं वाचतो, कारण संवादातला खोटेपणा कानालाच आधी कळतो. मग ती काही दिवस बाजूला ठेवतो. 'साभार परत' आली तर पुन्हा वाचून दुसरीकडे पाठवतो. कुठली कथा कुणाकडे कधी गेली, त्याची नोंद वहीच्या मागच्या पानांवर असते.

'प्रातिनिधिक संग्रहात तुमची निवड झाली आहे' असं कळवून सहभाग शुल्क, प्रती आणि सन्मानपत्र यांचा हिशेब मांडणाऱ्यांपासून नव्या मित्रमैत्रिणींनी दूर राहावं. तिथं निवड पैशांची होते. पहिलं पुस्तक पदरचे पैसे घालून काढायला निघाला असाल, तर आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचे नियम पाहा. ती योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. आणि आयएसबीएन क्रमांकाचे म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या देशात तो क्रमांक मोफत मिळतो.