वाळवंटातील शर्यतीची शिदोरी

मोरोक्कोच्या दक्षिणेकडील सहारा वाळवंटात १९८६ सालापासून 'मॅरेथॉन दे साब्ल' ही शर्यत भरते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. आठवडाभरात ते टप्प्याटप्प्याने कापायचे असते आणि त्यात ८० किलोमीटरच्या आसपासचा एक मोठा टप्पा असतो. आयोजक पाणी व रात्री तंबू देतात. अन्न, अंथरूण, कपडे व औषधे धावपटूने पाठीवर वाहायची. दिवसा पारा ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकतो, तर रात्री थंडी वाजते. आपल्याकडील तरुणही आता अशा शर्यतींची स्वप्ने पाहू लागले आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी करणाऱ्या घरच्यांसाठी आजचा लेख.

वजनाचा हिशेब

नियमानुसार पाठपिशवीचे वजन पाण्याशिवाय साडेसहा ते १५ किलोच्या दरम्यान असावे लागते आणि दररोज किमान २००० कॅलरींचे अन्न जवळ हवे. हा आकडा किमान आहे, पुरेसा नव्हे. ६० किलो वजनाच्या माणसाला ४० किलोमीटर धावण्यासाठी सुमारे २४०० कॅलरी लागतात. नुसते जिवंत राहण्यासाठी आणखी सुमारे १५००. म्हणजे खर्च चार हजारांच्या घरात. उरलेली तूट शरीरातील चरबी भरून काढते.

म्हणून थोड्या वजनात जास्त कॅलरी देणारे पदार्थ निवडावेत. १०० ग्रॅम पोह्यांतून सुमारे ३५० कॅलरी मिळतात, गुळातून ३८०, भाजलेल्या शेंगदाण्यांतून ५७०, सुक्या खोबऱ्यातून ६६०. सात दिवसांच्या १४,००० कॅलरी नुसत्या पोह्यांतून घ्यायच्या तर चार किलो ओझे होते. शेंगदाणे, बदाम व खोबरे मिसळून सरासरी ५०० पर्यंत नेली, तर तेच काम २ किलो ८०० ग्रॅममध्ये होते. सव्वा किलोची बचत ही वाळूत फार मोठी गोष्ट आहे.

मात्र धावताना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, मळमळते. तेव्हा चालता-धावता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ थोडा थोडा घ्यावा आणि दाणे-खोबरे संध्याकाळच्या जेवणात ठेवावे. गार पाण्यात भिजणारे अन्न सर्वांत सोयीचे. पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, सातूचे पीठ आणि गूळ हे आपल्या घरातलेच जिन्नस येथे उपयोगी पडतात. तुपाचे लाडू उन्हात पाघळतात, हे विसरू नये. नेण्याचा प्रत्येक पदार्थ वैशाखातील दुपारी गच्चीवर दिवसभर ठेवून पाहावा आणि सरावाच्या धावेत खाऊन पाहावा. जो पदार्थ आधी पोटाने मान्य केला नाही, तो शर्यतीत नेऊ नये. एकेका दिवसाचे अन्न वेगळ्या पुडीत बांधावे.

पाणी आणि मीठ

उन्हात तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो. एक लिटर घामातून साधारण अर्धा चमचा मीठ बाहेर पडते. ते न भरता नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम कमी होते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, बडबडणे, झटके ही त्याची लक्षणे. अशा माणसाला 'पाणी पी, पाणी पी' म्हणणे घातक ठरते. म्हणून तहान लागेल तसे प्यावे, जेवणात मीठ असावे आणि ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यातच मिसळावी. उन्हाची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत होते. ती आधीच करून घ्यावी.

पाय

शर्यत सोडायला लावणारे एक मोठे कारण म्हणजे पायांचे फोड. उष्णतेने पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा ते एक माप मोठे घ्यावेत. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर कापडी गेटर्स शिवून घ्यावेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धावण्यापूर्वी साधी कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावल्याने फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते.

वेदनाशामक गोळ्या टाळा

पाय दुखले की आयबुप्रोफेनची गोळी घेण्याची सवय धावपटूंत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० किलोमीटरच्या टप्प्यानंतर ही गोळी घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडावर ताण आढळला. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३४ टक्के होते. शरीरात पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. लघवी चहासारखी गडद झाली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

ओझे वाटणाऱ्या वस्तू

होकायंत्र, शिट्टी, आरसा, डोक्याला बांधायची बत्ती या वस्तू सक्तीच्या असतात. वजन वाचवण्याच्या नादात त्यांना नाके मुरडू नयेत. १९९४ साली इटलीचा माउरो प्रॉस्पेरी हा धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला. सुमारे दहा दिवसांनी तो शेजारच्या अल्जीरियात जिवंत सापडला. वादळ आले की चालत राहू नये. तोंडावर रुमाल बांधून आहे तेथेच थांबावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

२०२१ साली ही शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली. उष्णता आणि उलट्या-जुलाब यांमुळे त्या वेळी जवळजवळ निम्म्या धावपटूंनी माघार घेतली आणि एका फ्रेंच धावपटूचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. तेव्हा जाणाऱ्याने हृदयाची, मूत्रपिंडाची व रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह किंवा नियमित औषधे असल्यास आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाव नोंदवू नये. शुद्ध हरपू लागणे, बोलणे असंबद्ध होणे, अंग तापलेले असणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी सावलीत झोपवून अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी.

पाठीवर शिदोरी नीट बांधावी, पण नेमके कुठे थांबायचे हेही घरूनच ठरवून निघावे. माघार घेणारा पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.