चोर दुपारीच येऊन जातो

मेंढरांच्या चोऱ्या होतात रात्री, पण ठरतात दुपारी. दिवाळीनंतर माण, खटाव, आटपाडी, जत भागातून कृष्णाकाठाला उतरणाऱ्या कुठल्याही जुन्या मेंढक्याला विचारा, तो हेच सांगेल. ऊस तुटून रान मोकळं झालेलं असतं, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतो, धान्य नाहीतर रोख ठरते आणि दिवस मावळायला वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, पडतो. त्याआधी कोणीतरी बांधावर मोटारसायकल लावून विचारून गेलेलं असतं, "काय पाव्हणं, एखादं बकरं द्यायचं का?" तो भाव करतो, पण घेत नाही. बोलत बोलत खांडाभोवती, म्हणजे कळपाभोवती, एक फेरी मारतो. कुत्री किती, बापय किती, गाडीवाट कुठून निघते, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

आमचं मूळ घर माण तालुक्यातलं. मी शिकायला साताऱ्याला राहिलो, पण सुट्टी लागली की वाड्यावर जायचो. आजही आबांचं आणि चुलत्यांचं खांड फिरतं आहे. भाऊबंदांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं आणि त्या निमित्ताने बऱ्याच वाड्यांवरच्या चोऱ्या कानावर आल्या. त्यातली पहिली आमच्याच वाड्यावरची.

पलूसच्या पुढे एका रानात मेंढरं बसवली होती. दोन बाजूंना उभा ऊस, तिसरीकडे कालव्याची पट्टी. पहाटे चुलती उठली ती शांततेमुळे. कुत्र्याचा आवाज नाही, घुंगरांचा नाही. उजाडल्यावर पाहिलं तर उसाकडच्या अंगाची वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, कंबरेच्या उंचीपासून खालपर्यंत चिरलेली. गाठी जशाच्या तशा, मधला दोर मात्र धारदार पात्याने एका ओढीत कापलेला. थोरला कुत्रा चुलीच्या राखेशेजारी पाय ताणून पडला होता, तोंडाला फेस. कालव्याच्या पट्टीवर पिकअपच्या चाकांचे वळसे. सगळ्यात बोलका पुरावा खांडातच होता. गेलेली सगळी जनावरं निवडक होती, गाभण माद्या आणि दोन तरणे नर. लंगडी, म्हातारी एकही नेली नव्हती. आबा एवढंच म्हणाले, "अंधारात निवडून न्हेलीत म्हंजी उजेडात बघून ठेवल्याली."

म्हणून माझा पहिला सांगावा वाड्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. त्याला खांडाजवळ येऊ देऊ नका. विकायचं असेल तर जनावर वाटेवर आणून दाखवा. गाडीचा नंबर घ्या आणि तो घेताना त्याला दिसू द्या. उद्या कुठल्या रानात जाणार हे त्याला सांगायची काहीच गरज नाही. शेतकऱ्याशी ठरवतानाही मुक्कामाची बातमी चहाच्या टपरीवर होणार नाही एवढी काळजी घ्या. हल्लीची पोरं वाड्याचे व्हिडिओ करून त्याच दिवशी मोबाईलवर टाकतात. व्हिडिओ छान असतात, पण वाडा हलल्यावर टाकले तरी लोक तेवढ्याच कौतुकाने बघतात.

मुक्कामाची जागा निवडताना आपण पाणी आणि चारा बघतो. त्यात आणखी एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे गाडी कुठपर्यंत येऊ शकते. चोर मेंढरू खांद्यावर टाकून फार लांब जात नाही, त्याला गाडी जवळ लागते. गाडीवाटेच्या तोंडाशी आपला छकडा किंवा टेम्पो आडवा लावला, घोडी तिथेच बांधली, तर निम्मा धोका टळतो. उसाला चिकटून वाघर लावू नका, मध्ये मोकळी पट्टी सोडा. बांधावरची माणसाची चाहूल उभ्या उसात विरून जाते.

मेंढरू भ्यालं की गप्प होतं, हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही. पाय धरून उचललं तरी ते ओरडत नाही. शेळी मात्र आकाश डोक्यावर घेते. दुधासाठी ठेवलेल्या चार शेळ्या आपण चुलीजवळ बांधतो, त्या खांडाच्या पलीकडच्या, अंधाऱ्या अंगाला बांधाव्यात. घुंगरंही आपल्या बाजूच्या मेंढरांना न घालता कडेच्या मेंढरांना घालावीत. कुत्र्यांना दिवस असतानाच पोटभर खाऊ घाला, म्हणजे रात्री कोणी टाकलेल्या तुकड्यावर ती तुटून पडत नाहीत. आणि एक कुत्रं कोकरांच्या डालग्याजवळ साखळीला ठेवा. मोकळी कुत्री चोराच्या मागे धावत लांब जातात आणि मग वाडा उघडा पडतो.

  हे झालं मुक्कामाचं. चालत्या खांडाचा धोका वेगळा आहे आणि तो वाढतो आहे. गुहागर-विजापूर महामार्गासारखे रस्ते रुंद झाले, गाड्या वेगाने जातात. खांड रस्ता ओलांडत असताना सगळी माणसं पुढे आणि मधे असतात, गाड्या थांबवत असतात. शेपटाला उरतात दमलेली कोकरं. मागून मोटारसायकलवर दोघे येतात, मागचा वाकून कोकरू उचलतो आणि ते मांडीवर आडवं टाकून दोघे पसार होतात. अपघात झाला तर आणखी वाईट, मदतीला आलेल्या गर्दीतूनच जखमी मेंढरं नाहीशी होतात. रस्ता ओलांडताना सगळ्यात जाणता माणूस शेपटाला हवा, पुढे पोरं चालतात. लहान कोकरं बिऱ्हाडाच्या गाडीतून आधीच पलीकडे न्यावीत. बसवणीचे पैसे आणि बायकांचे दागिने वाड्यावर ठेवू नयेत. शेतकऱ्याने खात्यावर पाठवलेले पैसे पिशवीत नसतात, म्हणून चोरीलाही जात नाहीत.

चोरी झाल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: ही मेंढरं तुमचीच कशावरून? आम्हालाही तोच विचारला गेला आणि आमच्याकडे उत्तर म्हणून आबांची नजर होती. आबा हजारातून आपलं मेंढरू ओळखतात, पण नजर पंचनाम्यात लिहिता येत नाही. २०२० च्या अखेरीस आटपाडीतून सोळा लाखांचा म्हणून गाजलेला माडग्याळी बकरा चोरीला गेला होता आणि तो थोड्याच दिवसांत सापडला. ते पोपटनाकी तोंड मुलखाने पाहिलेलं होतं, चोराला तो खपवणंच अवघड होतं. आपल्या साध्या मेंढरांना असं नाव नसतं, म्हणून खूण आपण करायची. कानाला चीर तर आपण पिढ्यान् पिढ्या देतोच, तिचा जवळून फोटो काढून ठेवा. सरकारी बिल्ला असेल तर बारा आकडी नंबर वहीत उतरवा. चोर बिल्ला उपटतात, पण मग ताजा फाटलेला कान राहतो आणि तोही पुरावाच असतो. महिन्यातून एकदा वाडा हलवताना अख्ख्या खांडाचा एक व्हिडिओ तारखेसह घरच्या माणसाला पाठवून द्यावा. फोन चोरीला गेला तरी तो तिकडे राहतो.

दुसरी अडचण हद्दीची. रान एका ठाण्याचं, रस्ता दुसऱ्याचा, आपलं गाव तिसऱ्या जिल्ह्यातलं. आम्हाला एका ठाण्यातून दुसरीकडे जायला सांगितलं गेलं आणि त्यात सकाळ गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, लोक तिला झिरो एफआयआर म्हणतात. प्रत मोफत मिळते. नोंद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं. रात्रीच ११२ ला फोन केला तर वेळेची नोंद आपोआप राहते.

यातली एक मेख फार थोड्यांना माहीत आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे. एक कोकरू गेलं आणि तुम्ही घाईत "तीन हजाराचं असेल" म्हणालात की ते प्रकरण एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र नोंदींच्या, वहीत जाऊन बसतं आणि तपास पुढे सरकत नाही. म्हणून किंमत अंदाजाने सांगू नका. बाजारात त्या वयाच्या, त्या वजनाच्या जनावराला काय भाव आहे ते विचारून लिहा. मादी गाभण असेल तर ते तक्रारीत आलंच पाहिजे. खोटी किंमतही लावू नका, ती पुढे उलटते.

विम्याच्या भरवशावर मात्र राहू नये. बिबट्याने मेंढरू मारलं तर वनखात्याकडून भरपाई मागता येते. चोराने नेलं तर तशी सोय नाही. जनावरांच्या विम्यात चोरी सहसा धरलेली नसते, पॉलिसी घेतानाच ते वाचून घ्यावं.

अलीकडे मेंढपाळांना शस्त्र परवाने द्यावेत अशी मागणी होते. मारहाण सोसलेल्या माणसांचा राग मला कळतो, तरी मला ती पटत नाही. उघड्या माळावरच्या पालात बंदूक ठेवायची कुठे? रात्रभर तिलाच राखत बसावं लागेल. त्यापेक्षा जवळच्या दोन-तीन वाड्यांनी एकमेकांचे नंबर ठेवावेत आणि आळीपाळीने जागावं.

आणि चोरी कळल्याबरोबर दोघांनी ठाण्यात जावं, दोघांनी बाजाराकडे निघावं. आटपाडीचा मेंढरांचा बाजार शनिवारी, लोणंदचा गुरुवारी. चोरीचा माल उजाडायच्या आत हात बदलतो, म्हणून आपण त्याच्याआधी फाटकाशी उभं राहायला हवं. आपलं जनावर दिसलं तर अंगावर धावून जाऊ नका. फोटो काढा, गाडीचा नंबर टिपा, बाजार समितीच्या माणसाला पावती थांबवायला सांगा आणि पोलीस येईपर्यंत भाव करत राहा.