राजाश्रय आणि रामाश्रय
तिरुवैयारूच्या नादोपासनेतून भाविकांस व दात्यांस बोध

भाविकहो, देवालयात दिवा, नैवेद्य आणि फुले यांची जशी व्यवस्था असते, तशीच नादाचीही असते. पहाटेची काकडआरती, सनई-चौघड्याचे वादन, सायंकाळचे कीर्तन आणि शेजारती या सर्व सेवा कोणाच्या तरी गळ्यातून व हातातून घडतात. त्या सेवेकऱ्याच्या घरी चूल पेटावी, म्हणून कोणा दात्याचा हात पुढे होतो. गाणारा भक्त आणि देणारा भक्त यांचे हे नाते नेमके कसे असावे? दात्याने कोठवर यावे आणि कोठे थांबावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कावेरीतीरावरील एका क्षेत्राचा इतिहास आपणांस फार उपयुक्त ठरेल.

मराठी राज्य, कावेरीचा काठ

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य स्थापिले. तेथील प्रजा तमिळ, दरबारी काव्याची भाषा प्रामुख्याने तेलुगू आणि राजघराण्याची मायबोली मराठी. या त्रिवेणी संगमात संगीतास मोठा बहर आला. व्यंकोजीपुत्र शहाजीराजे यांनी तिरुवारूरच्या त्यागेशाच्या भक्तीने संगीतप्रबंध रचिले. तुळजाराजे (पहिले) यांच्या नावे ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. समर्थ संप्रदायाचे मठही या प्रांतात स्थापन झाले. भीमस्वामींचा तंजावर येथील मठ त्यांपैकीच एक होय.

सरफोजीराजे (दुसरे) यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) इंग्रजांनी राज्यकारभार आपल्या हाती घेतला होता आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. तरीही या विद्याव्यासंगी राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार बंधूंसारख्या नृत्य-संगीताच्या आचार्यांस आश्रय दिला. राज्य गेले तरी कलेचा आश्रय सुटला नाही, हे तंजावरचे वैशिष्ट्य आपण मराठी जनांनी अभिमानाने स्मरावे असे आहे.

तीन संत-गायक, तीन वाटा

याच काळात तिरुवारूर या एकाच गावी कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती जन्मास आली. श्यामाशास्त्री (१७६२–१८२७), त्यागराज (१७६७–१८४७) आणि मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) हे ते तिघे. तिघेही भक्त, तिघेही वाग्गेयकार, म्हणजे पद आणि चाल दोन्ही स्वतः रचणारे. परंतु निर्वाहाची वाट प्रत्येकाची निराळी होती.

श्यामाशास्त्री हे तंजावरच्या बंगारू कामाक्षी मंदिराचे अर्चक. देवीची पूजा हीच त्यांची वृत्ती आणि तिची स्तुती हेच त्यांचे गाणे. दीक्षितर हे क्षेत्रोक्षेत्री फिरणारे उपासक; ज्या क्षेत्री गेले, तेथील देवतेवर त्यांनी कृती रचिल्या. आजही अनेक क्षेत्रांचे माहात्म्य त्यांच्या संस्कृत रचनांतून यात्रेकरूंस कळते. त्यागराजांनी मात्र उंछवृत्ती पत्करली. आपल्याकडील माधुकरीची आठवण व्हावी असे हे व्रत. भगवन्नाम गात गावातून फिरावे, गृहस्थांनी ओंजळभर तांदूळ घालावे आणि त्यातून रामाचा नैवेद्य, कुटुंब व शिष्य यांचा निर्वाह व्हावा.

त्यागराजांचा नकार

परंपरागत चरित्रे सांगतात की, त्यागराजांची कीर्ती ऐकून सरफोजीराजांनी त्यांस दरबारी पाचारण केले आणि विपुल धन देऊ केले. त्यागराजांनी ते नम्रपणे नाकारिले. धनाचे सुख मोठे की रामाच्या सान्निध्याचे, असा प्रश्न करणारी त्यांची कल्याणी रागातील कृती याच प्रसंगाशी जोडली जाते. घरी आलेले वैभव परतवून लावल्यामुळे त्यांचे बंधू संतप्त झाले आणि त्यांनी पूजेतील राममूर्ती कावेरीत टाकली, असेही सांगतात. पुढे ती मूर्ती पुन्हा गवसली, अशी भक्तांची श्रद्धा आहे.

या कथेचा अर्थ लावताना घाई करू नये. राजा अरसिक होता किंवा देणगी अशुद्ध होती, असे कथा म्हणत नाही. त्यागराजांचे पूर्वजही राजाश्रयापासून दूर नव्हते. तिरुवैयारू येथील त्यांचे राहते घर तुळजाराजांनी त्यांच्या कुटुंबास दिले होते, अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे तर तंजावरच्या दरबारचेच गायक. यावरून असे दिसते की, घर घेण्यास संकोच नव्हता आणि तांदूळ घेण्यासही नव्हता. संकोच होता तो आपल्या वाणीवर दुसऱ्याचा हक्क निर्माण होण्याचा. दरबारात गेलेल्या गायकास राजाची स्तुती गावी लागते, राजाच्या वेळेस गावे लागते. ओंजळभर तांदूळ घालणारी गृहिणी मात्र काय गावे हे सांगत नाही. दान एकच, परंतु त्यामागील अपेक्षेने त्याचे स्वरूप पालटते.

गाणे कसे टिकले?

त्यागराजांच्या सुमारे सातशे रचना आज उपलब्ध आहेत. त्या टिकल्या त्या शिष्यांमुळे. वालाजापेठ, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम या तीन शिष्यपरंपरांनी त्या कंठस्थ केल्या व लिहून ठेविल्या. वालाजापेठचे वेंकटरमण भागवतर व त्यांच्या वंशजांनी जपलेली हस्तलिखिते अभ्यासकांस आजही उपयोगी पडतात. लेखन, पाठांतर आणि अध्यापन हेही दानच होय. त्याची पावती फाडली जात नाही, इतकेच.

मराठी राज्याचे देणेही निष्फळ झाले नाही. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि राज्य खालसा झाले. तथापि महाराष्ट्रातून गेलेल्या हरिदासांची कीर्तनपद्धती तेथे रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे कृष्ण भागवतर यांनी तिला तमिळ भूमीतील कथाकथनाशी जोडून नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ हरिकथेत आजही त्याच नावांनी ओळखले जातात. दक्षिणेच्या भजनसंप्रदायातही मराठी अभंगांस मानाचे स्थान आहे.

समाधी आणि एक दानशूर स्त्री

१८४७ साली पौष वद्य पंचमीस त्यागराज समाधिस्थ झाले. कावेरीतीरी त्यांचे छोटे वृंदावन उभारले गेले. पण काळाच्या ओघात त्याकडे दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेतील भागवतरांनी त्याचा जीर्णोद्धार केला व पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. तथापि पुढे त्यात तट पडले आणि स्थान पुन्हा उपेक्षित राहिले.

बेंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या देवदासी कुळात जन्मलेल्या थोर गायिका. गुरू बिडारम कृष्णप्पा यांच्या पत्रातून समाधीच्या दुरवस्थेची वार्ता त्यांस कळली. त्यांनी आपली कमाई व दागदागिने खर्ची घालून समाधीसभोवतालची जागा मिळविली, १९२१ साली कोनशिला बसविली आणि पुढील काही वर्षांत समाधिमंदिर उभे केले.

येथे मन खिन्न करणारी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या स्त्रीच्या द्रव्याने मंदिर उभे राहिले, तिला व इतर स्त्रियांना त्या काळी उत्सवात गाण्याची मुभा नव्हती. नागरत्नम्मांनी मंदिराचे दार बंद केले नाही, दिलेले दान परत मागितले नाही. त्यांनी स्त्रियांचा निराळा समूह संघटित करून समाधीच्या मागील बाजूस गायनसेवा आरंभिली आणि आपला आग्रह सोडला नाही. अखेर १९४० च्या सुमारास सर्व तट एकत्र आले व स्त्रियांसही स्थान मिळाले. दान देऊन गाण्यावर मालकी सांगणे निराळे आणि देवापुढे गाण्याचा प्रत्येक भक्ताचा अधिकार मागणे निराळे, हा भेद त्यांनी आपल्या आचरणाने दाखविला.

यात्रेकरूंसाठी

तिरुवैयारू हे क्षेत्र तंजावरपासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. नावाचा अर्थ ‘पवित्र पाच नद्या’ असा असून पंचनदीश्वराचे प्राचीन शिवालय हे येथील मुख्य देवस्थान. दरवर्षी पौष वद्य पंचमीस आराधना होते. समाधीसमोर दुतर्फा बसलेले शेकडो गायक-वादक नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील त्यागराजांच्या पंचरत्न कृती एकस्वराने सादर करतात. त्या समुदायात नामांकित कलावंत आणि नवशिके एकाच बैठकीवर असतात. समाधीसमोरच नागरत्नम्मांचीही समाधी आहे. भाविकांनी तेथेही माथा टेकवावा. तंजावर मुक्कामी बृहदीश्वराच्या आवारातील, १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख व सरस्वती महाल ग्रंथालयही अवश्य पाहावे.

दात्यांनी मनन करावे

या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानी येतात. पहिली, संगीतसेवेस आश्रय लागतोच; त्यागराजांसारख्या विरक्तालाही गृहस्थांच्या ओंजळीचा आधार होता. दुसरी, दान देताना गायकाची वाणी मोकळी राहील अशी दृष्टी असावी. देवापुढील गाण्यात दात्याच्या नावाचा घोष व्हावा, ही अपेक्षा नसावी. तिसरी, एका उत्सवाचा थाट करण्याइतकेच शिष्यांचे अध्यापन, जुन्या पदांचे लेखन-जतन आणि वृद्ध सेवेकऱ्यांचा योगक्षेम यांसाठी दिलेले द्रव्यही पुण्यप्रद आहे. किंबहुना परंपरा त्यानेच टिकते.

तंजावरचे राज्य लयास गेले, दरबार ओस पडला. कावेरीकाठचे गाणे मात्र दरवर्षी नव्या कंठांतून उमटते. ज्यांनी ते ऐकले, लिहिले, शिकविले आणि त्यासाठी निरपेक्षपणे दिले, त्या सर्वांचे पुण्य त्यात समाविष्ट आहे. आपल्या गावच्या देवळात आज सायंकाळी जो कोणी गाईल, त्याच्याही पाठीशी असेच निरपेक्ष हात उभे राहोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.