मांगा : कल्पनेपासून छपाईपर्यंत

जपानी चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. तिच्या निर्मितीचा अभ्यास करताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती ही की, येथे चित्राआधी मांडणी येते. कल्पना सुचली की चित्रकार प्रथम ‘नेमु’ करतो. नेमु म्हणजे पानांचा कच्चा आराखडा : चौकटी, संवाद व पात्रांच्या जागा, एवढेच. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. चकित करणारे दृश्य पान उलटल्यावरच दिसावे, ही योजना येथेच करावी लागते. संपादकाने आराखडा संमत केल्यावर मग पेन्सिल, शाई आणि छटा. आज हे बरेचसे काम संगणकावर होते. नेमु मात्र टळलेला नाही.

कथा सहसा आधी नियतकालिकात क्रमशः येते, नंतर पुस्तकरूपाने. १९६८ साली निघालेल्या ‘शोनेन जंप’ने वाचकांचा कौल पोस्टकार्डांवर मागवला, कौल घसरला की मालिका संपण्याची भीती. कसोटी कठोर खरी. पण दुसरी वाटही आहे. १९७५ साली तोक्योत सुरू झालेल्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये हौशी मंडळी आपली पुस्तके स्वतः छापून स्वतःच विकतात. तेथे संपादकाचे काम आपणच करायचे असते.

‘मला चित्र कुठे येते?’ म्हणून थांबलेल्या मित्रांनी आधी आठ पानांचा नेमु करून पाहावा, असे मला वाटते.