श्वान-मार्जारांचे आरोग्य : गावाची सामुदायिक जबाबदारी

कोल्हापूर शहरातील गंगावेशीच्या कट्ट्यावर, डोळ्यांदेखत म्हैस पिळून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची प्रथा जुनी आहे. जिल्ह्यातील दूधधंद्याचा आधार असलेल्या या म्हशीच्या गोठ्याची राखण कुत्रा करतो आणि घरातील धान्य उंदरांपासून मांजर राखते. मनुष्याच्या इतक्या निकट वावरणाऱ्या या प्राण्यांचा रोग त्यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. म्हणून त्यांचे आरोग्य हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न नव्हे.

नेहमी आढळणारे रोग

लहान पिलांत पार्व्हो हा विषाणुजन्य रोग घातक ठरतो. उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होऊन शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. डिस्टेंपरमध्ये डोळ्या-नाकातून स्राव येतो, ताप चढतो व पुढे झटके येऊ लागतात. हे दोन्ही रोग माणसास होत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसीकरण सुरू करून पुढील मात्रा वेळेवर दिल्यास पिले वाचतात.

गोचिडांमुळे होणाऱ्या तापात जनावर अन्न सोडते, हिरड्या पांढुरक्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाधित उंदीर व कुत्र्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळतात. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराचा अनुभव घेतलेल्या गावांनी याचे विशेष भान ठेवावे. मांजरांच्या अंगावरील नायटा मुलांनाही होतो. तापलेल्या मांजरीस घरातील पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. तिच्या यकृतास हे औषध पचविता येत नाही आणि एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

सर्वांत गंभीर संकट : रेबीज

या सर्वांहून भयंकर रोग म्हणजे रेबीज. लक्षणे प्रकट झाल्यावर त्यावर खात्रीचा उपचार नाही. पिसाळलेला कुत्रा चवताळून धावतोच, असा समज आहे; परंतु या रोगाच्या मुक्या प्रकारात कुत्रा निपचित पडतो, जबडा लोंबतो व लाळ गळते. घशात हाड अडकले असावे, असे वाटून मालक तोंडात हात घालतो आणि तेथेच घात होतो. मांजरीचा चावा किंवा ओरखडाही तितकाच धोक्याचा असतो. चावा म्हशीला बसला, तर तीही या रोगाला बळी पडते. अशा जनावराचे दूध कच्चे पिणे टाळावे. उकळल्याने विषाणू नष्ट होतो.

चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठून लस घ्यावी. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. दंडात थोड्याच मात्रा दिल्या जातात. मात्र त्या सर्व, ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्या लागतात.

गोव्याचा धडा

चंदगडपासून फार दूर नसलेल्या गोवा राज्यात वर्षाकाठी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम राबविण्यात आली. तेथे २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत रेबीजने एकही मनुष्य दगावला नाही. दहापैकी सात कुत्र्यांना लस दिली गेली की रोगाची साखळी तुटते, हे यातून सिद्ध झाले. कुत्री मारून हे साधत नाही. मोकळ्या झालेल्या जागी बाहेरून लस न दिलेली नवी कुत्री येतात.

ग्रामपंचायत व शाळेचे कार्य

पाळीव व मोकाट कुत्र्यांची गणना, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्याने वार्षिक लसीकरण व निर्बीजीकरण, तसेच उघड्यावर कचरा व मांसाचे अवशेष न टाकण्याची शिस्त, ही कामे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनापासून त्यांचा प्रारंभ करता येईल.

शिक्षकांचे कार्य याहून नाजूक आहे. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, या भीतीने मुले चावा घरी लपवितात. लपविलेला हा चावाच पुढे मृत्यूचे कारण होतो. चावा सांगणाऱ्या मुलास कोणी रागावणार नाही, असा विश्वास प्रत्येक वर्गात निर्माण झाला, तर औषधाआधीच अर्धे संकट टळेल.