सारंगखेडा : तापीतीर, दत्तयात्रा आणि अश्वपरीक्षा

दूरदूरच्या देशांतील पर्वत, सरोवरें व उत्सव यांचीं वर्णनें आपण मोठ्या आवडीनें वाचतों. परंतु घराजवळच्या नदीचा उगम कोठें, किंवा जवळच्या यात्रेंत लोक कशासाठीं जमतात, असें कोणी विचारलें म्हणजे आपणांस सहसा उत्तर देतां येत नाहीं. ही उणीव थोडीबहुत भरून निघावी, या हेतूनें नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील सारंगखेडा या गांवाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

सारंगखेडा हें गांव तापीच्या कांठीं वसलें आहे. ही नदी मध्यप्रदेशांत बैतूल जिल्ह्यांतील मुलताई येथें उगम पावते, आणि सुमारें ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पलीकडे समुद्रास मिळते. दक्षिणेंतील गोदावरी, कृष्णा यांसारख्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असतां तापी पश्चिमेकडे कां जाते? याचें कारण असें कीं, सातपुड्याच्या दक्षिणेस जमीन खचून जें लांबट खोरें झालें आहे, त्याच मार्गानें तिला जावें लागतें. त्या खोऱ्यांत सांचलेल्या खोल काळ्या मातीवर खानदेशचा कापूस, केळीं व ऊंस पिकतो. महाभारतांत तपती ही सूर्याची कन्या, संवरण राजाची राणी व कुरूची माता म्हणून वर्णिली आहे. तापी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. आज सारंगखेड्यास नदीवर मोठा बंधारा आहे. त्यामुळें पाणी अडलें म्हणजे पात्र तलावासारखें शांत दिसतें, आणि पावसाळ्यांत दारें उघडलीं कीं तेंच पाणी गर्जना करीत निघतें.

प्रवाहाबरोबर खालीं गेलें म्हणजे प्रकाशा लागतें. तेथें गोमाई नदी तापीस मिळते, आणि केदारेश्वरादि देवालयांमुळें त्या क्षेत्रास दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तीच्या खुणा व नक्षीदार मडक्यांचे तुकडे सांपडले. उत्तरेस सातपुड्यांत तोरणमाळचें पठार, तेथील यशवंत तलाव व सीताखाईची खोल दरी हीं स्थळें प्रेक्षणीय आहेत. महाशिवरात्रीस तेथें गोरखनाथाची यात्रा भरते.

परंतु सारंगखेड्याचें नांव दूरवर झालें तें दत्तयात्रेमुळें. दत्तात्रेयाची मूर्ति बहुधा त्रिमुखी असते. येथील मूर्ति एकमुखी आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजयंतीला येथें यात्रा भरते, आणि तिजबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब आदि प्रांतांतून व्यापारी आपले घोडे घेऊन येतात. अलीकडे या सोहळ्यास राणा प्रतापांच्या घोड्यावरून चेतक महोत्सव असेंही नांव मिळालें आहे.

जाणता मनुष्य घोडा कसा पारखतो, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. प्रथम तो तोंड उघडून दांत पाहतो. अडीच वर्षांच्या सुमारास पुढील मधले दुधाचे दांत पडून कायमचे येऊं लागतात. मग वर्षावर्षानें शेजारचे व कडेचे येतात, आणि पांचव्या वर्षीं तोंड भरतें. पुढें दांतांच्या झिजेवरून वय ओळखावें लागतें. नंतर कान : मारवाडी व काठेवाडी घोड्यांच्या कानांचीं टोंकें आंत वळून एकमेकांस भिडूं पाहतात. चारी पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असला म्हणजे तो पंचकल्याणी. अंगावरील केसांच्या भोंवऱ्यांवरूनही पुष्कळ लोक शुभाशुभ ठरवितात. तो समजुतीचा भाग झाला. परंतु खूर भरीव आहेत कीं नाहींत, चाल सरळ आहे कीं घोडा लंगडतो, ही परीक्षा मात्र शास्त्रशुद्ध आहे. हें ज्ञान पुस्तकांत थोडें व बाजारांतील वृद्धांच्या डोळ्यांत व हातांत फार. एके काळीं घोडा लढाईस, टपालास व टांग्यास लागे. आज तो बहुधा हौसेसाठीं व वरातीसाठीं घेतला जातो. गरज सरली कीं ज्ञानही मागें पडतें, आणि मग लोकांस घोड्याची किंमत तेवढी ठाऊक राहते, घोडा ठाऊक राहत नाहीं. आम्हांस भय वाटतें तें याचेंच.

या बाबतींत जपानांतील एक उदाहरण मननीय आहे. तेथील फुकुशिमा प्रांतांत सोमा नांवाच्या ग्रामीण भागांत नोमाओई हा घोड्यांचा उत्सव होतो. त्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी मानितात. चिलखत घातलेले स्वार घोडे पळवितात, व आकाशांतून खालीं येणारीं देवळाचीं निशाणें झेलण्यासाठीं झटतात. मार्च २०११ मध्यें भूकंप व समुद्राची प्रचंड लाट यांनीं तो प्रदेश उद्ध्वस्त केला, तरी त्याच वर्षीं जुलैंत लोकांनीं लहान प्रमाणावर उत्सव केला. पुढें २०२३ च्या उन्हाळ्यांत उष्म्यानें कांहीं घोडे दगावले. तेव्हां लोकांनीं जुलैचा रिवाज सोडिला, व २०२४ पासून उत्सव मे महिन्याच्या अखेरीस आणिला. संकटांतही ज्यांनीं उत्सव सोडिला नाहीं, त्यांनींच घोड्यासाठीं त्याचे दिवस बदलिले!

आमची यात्रा हिंवाळ्यांत भरते, हें आमच्या मुक्या पाहुण्यांचें भाग्य होय. तथापि शेंकडों कोस प्रवास करून आलेल्या जनावरास पाणी, चारा व विसांवा लागतोच. मुक्या प्राण्याच्या जिवाची चिंता वाहणें हें सज्जनाचें लक्षण आहे. म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढील दत्तजयंतीस वडील मंडळींबरोबर सारंगखेड्यास जाल, तेव्हां घोडा केवढ्यास विकला एवढेंच विचारून परतूं नका. त्याचें वय कशावरून ओळखलें, तो कोठून आला, व त्यास पाणी केव्हां दिलें, हे तीन प्रश्न एखाद्या वृद्ध व्यापाऱ्यास नम्रपणें विचारा, आणि मिळालेलीं उत्तरें आपल्या वहींत लिहून ठेवा. पूर्वजांचा ठेवा जतन करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.