सेंट्रिंगचे टेकू किती वेळा तपासावेत?



उसाचे बिल हाती आले की आपल्या सुलतानपूर भागात दोन कामे हमखास निघतात. एक पोरीचे लग्न, दुसरे घराचा स्लॅब. सोयरिकीची चौकशी आपण दहा गावांत करतो, पण ज्या बल्ल्यांवर आपला स्लॅब उभा राहणार त्यांची चौकशी कोणी करीत नाही. ते सेंट्रिंगवाल्याचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. एक घनमीटर काँक्रीट साधारण २५ क्विंटल भरते. ६०० चौरस फुटांचे घर आणि ५ इंचांचा स्लॅब धरला तर सुमारे १७७ क्विंटल भार होतो, तोही माणसे, घमेली आणि मिक्सरचे हादरे सोडून. वजनकाट्यावर आपण रोज जे आकडे पाहतो, त्यातला हा आकडा आहे. ओल्या काँक्रीटला स्वतःचा जोर काहीच नसतो. पहिले काही दिवस हा सगळा भार टेकूच पेलतात.

टेकू कमी पडला तर काय होते, हे शहरातल्या मोठ्या कामांवरही दिसले आहे. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काँक्रीट चालू असताना स्लॅब कोसळला आणि ९ मजूर गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात बांधकामावरची लोखंडी सळयांची जाळी खाली आली, त्यात ५ मजूर दगावले. तिथे तर भार नुसत्या सळयांचा होता.

आता मूळ प्रश्न, तपासणी किती वेळा? इंग्लंडात कामाच्या परांचीची तपासणी दर ७ दिवसांच्या आत व्हावी असा नियम आहे. अमेरिकेत ती प्रत्येक पाळीच्या आधी करतात, आणि काँक्रीटखालचे टेकू काँक्रीट टाकण्याच्या लगेच आधी, टाकताना आणि टाकल्याबरोबर असे तीन वेळा पाहतात. आमच्या मते आपल्याकडे ७ दिवसांची मुदत उपयोगाची नाही. याला कारण आपली काळी माती.

भारी काळी जमीन ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, वाळली की भेगाळते. हे वावरात आपल्याला कोणी शिकवायला नको. पण घर बांधताना पाया खोदून निघालेली तीच माती आपण जोत्यात भरतो आणि तिच्यावर बल्ल्या उभ्या करतो. मग स्लॅबवर आळी करून पाणी सोडले जाते. ते पाणी फटींतून आणि भिंतींवरून झिरपत नेमके टेकूच्या बुडाशी येते. म्हणजे स्लॅबला पाणी पाजायचे तेवढे दिवस टेकूची जमीन रोज मऊ होत असते! अवकाळी पाऊस आला तर विचारायलाच नको. जोते मुरमाने भरून, चांगले ठोकून घेतलेले असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तेव्हा काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी एकदा आणि त्या सकाळी पुन्हा एकदा, सगळे टेकू स्वतः फिरून पाहा. काँक्रीट चालू असताना एका जाणत्या माणसाला फक्त पाहण्याच्या कामावर ठेवा. त्याने स्लॅबखाली नव्हे, दारातून किंवा बाजूने पाहावे. एखादी बल्ली वाकली, पाचर सटकली, फळी करकरली की वरचे काम थांबवून माणसे उतरवायची. भरलेल्या स्लॅबखाली घुसून पाचर ठोकायला जाणे हा वेडेपणा आहे. त्यानंतर टेकू निघेपर्यंत रोज सकाळी एक फेरी मारा. पाऊस, वादळ झाले किंवा ट्रॅक्टरचा, बैलाचा धक्का लागला तर सकाळची वाट न पाहता लगेच पाहा.

पाहायचे काय? बल्ली ओळंब्यात आहे का, बुडाखाली रुंद फळी आहे का. विटांवर विटा रचून उंची साधलेली दिसली तर ती काढायलाच लावा. बल्लीला वाळवी, चीर, मोठी गाठ नको. दोन तुकडे खिळ्यांनी जोडलेली बल्ली शक्यतो नकोच. लोखंडी जॅक असेल तर त्याची मूळची पिन जागेवर आहे ना, हे बघा. पुष्कळदा तिथे सळईचा तुकडा खुपसलेला असतो. आणि मधल्या आडव्या पट्ट्या दोन्ही दिशांनी मारलेल्या हव्यात. लांब, बारीक टेकू चिरडून मोडत नाही, तो वाकून जातो. मध्यावर दोन्हीकडून बांधलेला तसाच टेकू जवळजवळ चौपट भार घेतो. दोन-चार पट्ट्या वाचवून सेंट्रिंगवाल्याचे फार काही वाचत नाही.

सगळ्यात जास्त घाई होते ती टेकू काढण्याची. सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या गावचे काम धरायचे असते, आणि "काही होत नाही भाऊ" हे त्याचे ठरलेले उत्तर. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत, म्हणजे पावणेपंधरा फुटांपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे. तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. हे आकडे तापमान १५ अंशांच्या खाली नसेल तेव्हाचे आहेत. पौष-माघातल्या थंडीत काँक्रीट सावकाश धरते, आणि बाजारात हल्ली बहुतेक राखमिश्रित सिमेंट मिळते, तेही सावकाशच धरते. दोन्ही असतील तर इंजिनिअरला विचारून मुदत वाढवा. ठरलेली तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली तरी पुष्कळ वाद मिटतात. भाडे चार दिवसांचे जास्त जाईल, जाऊ द्या.

काढतानाही क्रम असतो. स्लॅबचे टेकू मध्यापासून सुरू करून भिंतीकडे यायचे. छज्जाचे मात्र उलटे, मोकळ्या टोकापासून भिंतीकडे. पाचर हळूहळू सैल करायची, घण मारून बल्ली उडवायची नाही, आणि पोराबाळांना त्या दिवशी तिकडे फिरकू द्यायचे नाही.